चार जनकांची पंचवीस अंकी संख्या

एकापुढे एकवीस शून्यं आणि त्यापुढे १०२. तीन-तीन अंकांचे गट पाडले तर ही संख्या अशी दिसते: १ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२. अंक पंचवीस. शेवटी २ आहे, म्हणजे संख्या सम. म्हणजेच ती मूळ संख्या नाही, संयुक्त आहे. एवढं शाळेतलं पोरही सांगेल. पण या संख्येत एक गुण असा आहे जो तिच्याहून लहान असलेल्या एकाही संख्येत नाही. तो १९६१ साली शोधला देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. बोईसरजवळच्या कुंभवलीहून डहाणू काही लांब नाही. बोईसरला गाडी पकडली की वाणगाव आणि मग डहाणू रोड. २०१३ पासून विरारहून डहाणूपर्यंत लोकल धावते, त्यामुळे कामाधंद्याला, शिक्षणाला, दवाखान्याला या पट्ट्यातल्या माणसांची तिकडे रोज ये-जा असते. डहाणू म्हटलं की चिकूच्या वाड्या आठवतात, महालक्ष्मीची जत्रा आठवते. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ज्याचं नाव एका संख्येला दिलेलं आहे तो माणूस याच गावात जन्मला, हे मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतं. कापरेकर जन्मले तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणून चरित्रांतून ते कधी ठाण्याचे, कधी नाशिककडचे म्हणून भेटतात. आपण त्यांना आपल्या जिल्ह्याचे म्हणायला हरकत नाही.

आई गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. वडील कारकून, आणि ज्योतिषाची त्यांना मनापासून आवड. घरात आकडेमोड होती ती अशी. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ ला मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. पुढचं उच्च शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीला शाळेत शिकवलं. कुठल्या विद्यापीठात जागा नाही, हाताखाली विद्यार्थी नाहीत. स्वतःच्या खर्चानं परिषदांना जायचं, स्वतःच्या खर्चानं छोट्या पुस्तिका छापायच्या, हे वर्षानुवर्षं चाललं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. दारूच्या नशेतल्या माणसाला त्या सुखातून बाहेर यावंसं वाटत नाही, तसं आपलं संख्यांच्या बाबतीत होतं, असं ते सांगत.

देशातल्या कित्येक गणितज्ञांनी त्यांचं काम किरकोळ ठरवलं. अंकांच्या गमती म्हणजे काही गणित नव्हे, असा सूर होता. हा न्याय चुकीचा होता असं मला ठामपणे वाटतं, आणि ते त्यांच्या संख्यांवरूनच दाखवता येतं.

संख्यासिद्धांतात मान मूळ संख्यांना. २, ३, ५, ७, ११ अशा, ज्यांना एक आणि स्वतः सोडून कुणी भागत नाही. संयुक्त संख्या म्हणजे या मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार झालेल्या, म्हणून दुय्यम, असा एक समज असतो. पण श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली लिहिलेला त्यांचा एक मोठा शोधनिबंध संयुक्त संख्यांवरच आहे: ज्यांना आपल्याहून लहान सगळ्या संख्यांपेक्षा जास्त विभाजक असतात अशा संख्यांवर. संयुक्त संख्येला तिचा स्वभाव असतो, आणि तो तिच्या अवयवांमध्ये दडलेला असतो. कापरेकरांच्या जवळपास प्रत्येक शोधाच्या मुळाशी शेवटी कुठल्यातरी संयुक्त संख्येचे अवयव सापडतात.

आधी त्या पंचवीस अंकी संख्येकडे येऊ. कृती सोपी आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज करा आणि ती बेरीज त्याच संख्येत मिळवा. २१ घेतली तर २ आणि १ मिळून ३. २१ अधिक ३ बरोबर २४. म्हणजे २४ चा जनक २१. आता उलट विचारा: २० चा जनक कोण? १० पासून तपासत गेलं तर १० देते ११, ११ देते १३, १५ देते २१. एक-अंकी संख्या फक्त सम संख्या देतात आणि १८ च्या पुढे जात नाहीत. २० कशातूनच निघत नाही. जनक नसलेल्या अशा संख्यांना कापरेकर स्वयंभू म्हणत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८ अशी त्यांची रांग सुरू होते. १९७४ साली कोलंबियाच्या बेर्नार्दो रेकामान यांनी याच संख्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला, म्हणून काही पुस्तकांत त्यांना कोलंबियन संख्या म्हटलेलं दिसतं. कापरेकरांनी त्याच्या कितीतरी आधी त्यांना देवळालीचं नाव दिलं होतं.

काही संख्यांना मात्र एकाहून जास्त जनक असतात. १०१ बघा. ९१ मध्ये ९ आणि १ मिळवले की १०१. १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. मनमाडला वेगवेगळ्या दिशांचे रूळ एकत्र यावेत तसं हे, आणि कापरेकरांनी अशा संख्यांना जंक्शनच म्हटलं. दोन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १०१. तीन जनक असलेली? ती एकदम चौदा अंकांवर जाते: १० ००० ००० ००० ००१. आणि चार जनक असलेली सर्वांत लहान संख्या म्हणजे ज्या संख्येपासून हा लेख सुरू झाला ती.

तिचे चार जनक पडताळून बघता येतात. दोन तिच्याच घरातले, म्हणजे १० च्या २४ व्या घाताच्या वरचे: एकवीस शून्यांनंतर ०९१ असलेली आणि १०० असलेली. पहिलीच्या अंकांची बेरीज ११, दुसरीच्या २. ९१ अधिक ११ आणि १०० अधिक २, दोन्हीकडे १०२. उरलेले दोन जनक खालच्या घरातले, चोवीस अंकी: एकवीस नव्वांनंतर ९०२, आणि एकवीस नव्वांनंतर ८९३. पहिलीच्या अंकांची बेरीज २००, दुसरीच्या २०९. प्रत्येकीत तिची बेरीज मिळवली की नव्वांची भिंत ओलांडून आपण बरोबर त्याच पंचवीस अंकी संख्येवर उतरतो.

आता खरा प्रश्न: १० चा चोविसावा घातच का? तेविसावा का नाही? थोडं बीजगणित केलं की हे उलगडतं, आणि मला तरी ते त्या संख्येइतकंच सुंदर वाटतं. वरच्या घरातल्या जनकात सुरुवातीच्या १ चा वाटा १ आहे, तेव्हा उरलेल्या शेपटीतून १०१ तयार व्हायला हवेत. १०१ हे जंक्शन, त्याला जनक दोन, म्हणून वरून दोन वाटा. खालच्या घरातली संख्या म्हणजे चोवीस नव्वांतून काहीतरी वजा केलेलं. चोवीस नव्वांची बेरीज २१६. हिशोब मांडला की वजा करायच्या संख्येतून ११३ तयार व्हायला हवेत असं निघतं. ११३ हेही जंक्शन: ९७ अधिक १६, आणि १०६ अधिक ७. म्हणून खालूनही दोन वाटा. १०१ आणि ११३ मिळून २१४, म्हणजे २१६ ला दोन कमी. अशी रचना साधायची तर दोन जंक्शनांची बेरीज ९ च्या पटीपेक्षा बरोबर दोननं कमी असावी लागते. जंक्शनं १०१ पासून १०३, १०५, १०७ अशी विषम संख्यांनी पुढे जातात. त्यांच्या जोड्यांच्या बेरजा २०२, २०४, २०६ अशा तपासत जा. अट पहिल्यांदा पुरी होते ती २१४ ला. ९ ची पट २१६, आणि २१६ म्हणजे चोवीस नवं. संगणक नसलेल्या माणसाच्या हाती पंचवीस अंकी संख्या लागते ती अशी. एक-एक संख्या तपासत तिथं जन्मभर चाललं तरी पोचता आलं नसतं.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. कापरेकरांच्या गणितात नव्वांची रांग पुन्हा पुन्हा येते: ९९, ९९९, ९९९९. या संख्या दहाच्या घाताला एक कमी असतात, आणि आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून अंकांचा जो काही खेळ होतो तो याच संख्यांच्या अंगणात. नव्वांची रांग ९ ने भागली की एकांची रांग मिळते. तिथे त्यांनी तरुणपणीच काम केलं होतं.

१११११११११, म्हणजे नऊ एकं, यांचा वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि परत उतरायचं. अशा रचनेच्या संख्यांना कापरेकरांनी डेम्लो नाव दिलं. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर जे डेम्लो स्टेशन होतं, आजचं डोंबिवली, तिथं ही कल्पना सुचली म्हणून. १९३८ साली त्यांनी या संख्यांवर लेख प्रसिद्ध केला, पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासोबत मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांची उपपत्ती मांडली. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. मधल्या भागात एकच अंक, आणि डावा व उजवा भाग एकमेकांत मिळवले की तोच अंक पुन्हा पुन्हा येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, मध्येही पाचच. आपल्या सतरा अंकी संख्येत डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९.

ही सतरा अंकी संख्या केवढी? भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, अठरा स्थानांची नावं दिली आहेत, एक-दश-शत-सहस्र पासून परार्धापर्यंत. त्या नावांनी वाचली तर संख्या सुरू होते मध्य या स्थानावर, परार्धाच्या एक पायरी खाली: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग तिथून आठ कोटी, सात प्रयुत असं उतरत एकापर्यंत. तिचे मूळ अवयव मात्र तीनच आहेत: ३, ३७ आणि ३३३६६७. नऊ एकं म्हणजे ३३३ गुणिले ३३३६६७, आणि ३३३ म्हणजे ९ गुणिले ३७. वर्ग केल्यावर ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. म्हणून तिला एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो.

हिचं धाकटं भावंड याच मातीत फार पूर्वी नोंदलेलं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात गुणाकार शिकवताना असे आकडे निवडले आहेत की उत्तर गळ्यातल्या हारासारखं दोन्हीकडून सारखं यावं. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा: १२३४५६५४३२१. १५२२०७ ला ७३ ने गुणा: आठ एकं. पहिल्या गुणाकारात ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ बरोबर सहा एकं. एकांच्या रांगेचे अवयव ठाऊक असल्याशिवाय अशी उदाहरणं रचता येत नाहीत. ज्या कामाला विसाव्या शतकात करमणूक म्हणून बाजूला सारलं गेलं, त्याला इथं अकराशे वर्षांची परंपरा होती.

आता ज्या संख्यांना थेट त्यांचं नाव आहे त्या. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळची संख्या परत येते, ती कापरेकर संख्या. योगायोग वाटतो, पण तो नाही.

समजा संख्या क आहे आणि तिच्या वर्गाचे शेवटचे तीन अंक तोडले. डावा तुकडा ड, उजवा उ. म्हणजे क चा वर्ग बरोबर १००० ड अधिक उ, आणि क बरोबर ड अधिक उ. पहिल्यातून दुसरं वजा करा. डावीकडे उरतं क गुणिले (क वजा १), उजवीकडे ९९९ ड. म्हणजे क आणि त्याच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९९ ने भाग जायला हवा. लागोपाठच्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून ९९९ चे तुकडे त्यांनी वाटून घ्यायला हवेत. ९९९ बरोबर २७ गुणिले ३७. वाटणीचे मार्ग चारच. क ला २७ आणि आधीच्या संख्येला ३७ दिले तर उत्तर २९७ (२९७ म्हणजे २७ अकरावे, २९६ म्हणजे ३७ अठ्ठे). उलट दिले तर ७०३. दोन्ही तुकडे एकालाच दिले तर १ आणि ९९९. संपलं. तीन नव्वांच्या घरात पाचवी कापरेकर संख्या असूच शकत नाही. २००० साली डग्लस इआनुची यांनी हे नातं सर्वसाधारण रूपात मांडून सिद्ध केलं.

या सिद्धतेतून इतर गोष्टी आपोआप बाहेर पडतात. २९७ आणि ७०३ मिळून १०००; ४५ आणि ५५ मिळून १००. अशा संख्या जोडीनं येतात, आणि जोडीतल्या दोघींच्या वर्गांचा उजवा तुकडा एकच असतो. चार अंकांत २२२३ चा वर्ग ४९४१७२९, म्हणजे ४९४ आणि १७२९. तिची जोडीदार ७७७७, तिचा वर्ग ६०४८१७२९, म्हणजे ६०४८ आणि पुन्हा १७२९. रामानुजनांच्या टॅक्सीच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेला १७२९ हा आकडा इथं दोनदा भेटतो. सहा नव्वांचे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७, म्हणजे पाच प्रकारचे. वाटणीचे मार्ग बत्तीस, म्हणून त्या घरात १ आणि ९९९९९९ धरून बत्तीस कापरेकर संख्या. त्यातली एक १४२८५७, जी सातानं भागाकार करताना दशांशात फिरत राहते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ आणि १२२४४९ मिळवून बघा.

६१७४ बद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं, म्हणून थोडक्यात. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलट लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथंच थांबते. पालघर जिल्ह्याचं जन्मवर्ष २०१४ घेऊ: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सातच्या सात पायऱ्या लागल्या. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेतलं तरी सातच लागतात. तारापूरची अणुवीज ज्या वर्षी सुरू झाली ते १९६९ पाच पायऱ्यांत पोचतं. कारण पुन्हा त्याच अंगणात आहे: पहिल्या वजाबाकीचं उत्तर केवळ दोन फरकांवर ठरतं, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांमधला फरक गुणिले ९०. म्हणून हजारो संख्या पहिल्याच पायरीला फक्त चौपन्न उत्तरांत गोळा होतात. इतर अंकसंख्यांतही याच कृतीत असे स्थिरांक मिळतात; ते सगळे ९ ने भाग जाणारे, म्हणून संयुक्तच. नऊ अंकांत ८६४१९७५३२ हा असा एक आहे. १ ते ९ हे नऊही अंक त्यात एकेकदा येतात.

अंकांच्या बेरजेनं ज्यांना पूर्ण भाग जातो त्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं. ६१७४ हर्षद आहे (बेरीज १८, भागाकार ३४३), मघाची सतरा अंकी डेम्लोही. या साध्या व्याख्येतून केवढी संख्या निघावी! लागोपाठ किती संख्या हर्षद असू शकतात, या प्रश्नावर १९९३ साली कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी उत्तर दिलं: वीस, एकवीस कधीच नाही. अंकांची बेरीज सम झाली की विषम संख्येला तिनं भाग जाऊ शकत नाही, हा सम-विषमाचा अडसर त्यामागे मुख्य आहे. लागोपाठ वीस हर्षदांच्या रांगा त्यांनी रचूनही दाखवल्या. त्यांतली सर्वांत लहान रांग जिथं आहे तिथल्या संख्येला ४४३६ कोटींहून जास्त अंक आहेत. छापायला घेतली तर एकट्या एका संख्येला हजारो ग्रंथ लागतील. ती आहे हे मात्र पक्कं सिद्ध आहे, आणि तशा विसाच्या वीस संख्या संयुक्त आहेत.

कापरेकरांकडे जगाचं लक्ष गेलं ते मार्च १९७५ मध्ये. अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर गणिताच्या गमतींचं सदर लिहीत, त्यात त्यांनी देवळालीच्या या मास्तरांवर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिलं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. अडीच वर्षांनी, ऑगस्ट १९७७ मध्ये, त्याच सदरात गार्डनर यांनी एक १२९ अंकी संयुक्त संख्या छापली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती दोन मोठ्या मूळ संख्यांना गुणून बनवली होती. ज्याला ते दोन अवयव सापडतील त्याला तिच्यामागे लपवलेला मजकूर वाचता येईल आणि शंभर डॉलर बक्षीस मिळेल, असं आव्हान होतं. अवयव सापडायला १९९४ चा एप्रिल उजाडला. इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांची यंत्रं त्यासाठी महिनोन् महिने राबली.

बँकांच्या संकेतस्थळांपासून सरकारी कागदपत्रांच्या डिजिटल सहीपर्यंत ठिकठिकाणी आज याच पद्धतीचं, आरएसए नावाचं, कुलूप असतं. गुणाकार करायला क्षण पुरतो, उलट वाट चालायला पिढ्या पुरत नाहीत, या एका गोष्टीवर ते उभं आहे. २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त हे खात्रीनं आणि वाजवी वेळेत ठरवता येतं. पण संयुक्त आहे हे कळणं वेगळं आणि अवयव हाती येणं वेगळं. २०२० साली २५० अंकी आव्हान-संख्या फुटली. प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) केलं असतं तर अंदाजे २७०० वर्षं लागली असती एवढं काम त्यात गेलं. ६१७ अंकांची आरएसए-२०४८ ही संख्या कित्येक वर्षं सर्वांसमोर छापलेली आहे. ती संयुक्त आहे हे ठाऊक आहे, तिचे अवयव जाहीरपणे कुणीच सांगितलेले नाहीत.

आणि इथंच कापरेकरांची गंमत त्याच भिंतीशी येऊन थांबते. नव्वांच्या रांगेतल्या सगळ्या कापरेकर संख्या हव्यात तर त्या रांगेचे सगळे मूळ अवयव हवेत. १९२५ साली कनिंगहॅम आणि वुडॉल यांनी अशा अवयवांचे तक्ते पुस्तकरूपानं काढले, त्यात दहाच्या घातांचाही तक्ता होता, आणि ते काम जगभरातले लोक अजून पुढे नेत आहेत. एकांची रांग स्वतः मूळ असणं दुर्मीळ: २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या रांगा मूळ आहेत, त्यानंतर थेट ४९,०८१ एकांची, जी २०२२ साली सिद्ध झाली, आणि मग ८६,४५३ एकांची, २०२३ ची. मधल्या सगळ्या संयुक्त. त्यातल्या लांब रांगांपैकी बहुतेकींचे सगळे अवयव अजून निघालेले नाहीत, म्हणून त्या-त्या घरात किती कापरेकर संख्या आहेत तेही अजून मोजता आलेलं नाही. चौसष्ट आहेत की चार हजार शहाण्णव, हे दर वेळी एक मोठी संयुक्त संख्या पूर्ण फुटल्यावरच कळतं.